परदेशातले पाहुणे कोकणात: ओहोटी बघून फिरणं, बाजार बघून जेवण

परदेशातून नातेवाईक येणार म्हटलं की घरात पहिल्यांदा ठिकाणांची यादी तयार होते. अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण आणि जाता जाता गोवा. सगळं सात दिवसांत! ही यादी सरळ बाजूला ठेवा. किनाऱ्याचे रस्ते वळणाचे आहेत, मध्ये खाड्या आहेत, खाडीवर जंगलजेटीची, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीची, वाट बघावी लागते. किनाऱ्याने जाताना तासाला ३० किलोमीटर धरले तरच वेळेचा अंदाज जमतो. यादी पुरी करायला निघालेल्या पाहुण्यांना कोकण गाडीच्या काचेतून दिसतं, आणि चौथ्या दिवशी कुणाचं तरी पोट बिघडतं.

एका मुक्कामी किमान तीन रात्री, दिवसाला एकच मोठं ठिकाण, दुपारी जेवून दोन तास आडवं होणं. एवढं पाळलं तर सहल जमते. बाकी वेळापत्रक दोन गोष्टींवर ठरवायचं: समुद्राला ओहोटी कधी आहे आणि बंदरावर मासळी कधी उतरते. गावच्या घरी किंवा मुंबई-पुण्याहून कोकणात पहिल्यांदाच असे पाहुणे घेऊन जाणाऱ्यांसाठी पुढचा क्रम आहे.

तारखा

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. हवा सुखद, समुद्र शांत, होड्या चालू. नाताळ ते १ जानेवारी मात्र टाळा, कारण त्या आठवड्यात मालवण-तारकर्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही आणि खानावळीतली मासळी एक वाजताच संपते. पाहुण्यांच्या मुलांना सुट्टी तेव्हाच असते, हीच अडचण. मग निदान मुक्काम मोठ्या गावाऐवजी आडगावात घ्या: मालवणऐवजी आचरा किंवा भोगवे, गणपतीपुळ्याऐवजी मालगुंड.

आंब्यासाठी एप्रिल-मे. उकाडा प्रचंड असतो, पण हापूस, ओले काजूगर, फणस, करवंदं, जांभळं एकदम मिळायची हीच वेळ. ओल्या काजूच्या उसळीचा खरा हंगाम मार्च-एप्रिल. मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंग बंद होतं, ते पावसाळा सरेपर्यंत. १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते. त्या दिवसांत आलेल्यांना धबधबे, भातलावणी आणि खाडीतली मासळी दाखवा. ताज्या सुरमईचं आश्वासन देऊ नका. गणपतीत पाहुणे येणार असतील तर ते फक्त गणपतीलाच येताहेत असं समजा. तेव्हा घरात माणसं मावत नाहीत, फिरायला सवड कुणाला?

फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. पिल्लं कधी बाहेर येतील ते घरट्यातल्या वाळूच्या उबेवर अवलंबून असतं. त्यामुळे एक रात्र राहून दोनच वेळा गाठण्यापेक्षा दोन रात्री राहा, चार संधी मिळतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरट्यावर झाकलेली टोपली रिकामी बघून रडारड होते.

कागद, तिकिटं, गाडी

परदेशी पासपोर्ट असलेला पाहुणा उतरला की हॉटेल किंवा होमस्टेवाल्याला त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. म्हणून प्रत्येकाच्या पासपोर्टची आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) प्रत आधीच पाठवा. छोट्या गावातल्या होमस्टेला ही पद्धत माहीत नसते. बुकिंग करतानाच विचारा. घरीच उतरवणार असाल तर काय करायचं ते जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. ओसीआय कार्ड फिरताना जवळ असू द्या: संरक्षित स्मारकांना आणि वस्तुसंग्रहालयांना परदेशी पाहुण्यांचं तिकीट वेगळं असेल तिथे ओसीआयधारकाला भारतीयांचाच दर लागतो. ड्रोन आणू नका असं निघण्याआधीच कळवा. परदेशातून ड्रोन आणायलाच बंदी आहे, तो विमानतळावर अडकतो.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि डिसेंबरची तिकिटं पहिल्या काही मिनिटांत संपतात. मुंबई–मडगाव वंदे भारत खेड, रत्नागिरी आणि कणकवलीला थांबते. गाडी उत्तम, पण माणशी दोन मोठ्या बॅगा घेऊन चढणाऱ्यांसाठी ती नाही; वरच्या फळीवर ती धूडं मावत नाहीत. मोठ्या बॅगा मुंबईतल्या नातेवाइकाकडे ठेवा आणि माणशी एक छोटी बॅग घ्या. मालवणला जायचं असेल तर कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळला उतरा आणि पुढची गाडी आधी सांगून ठेवा. सावंतवाडी-वेंगुर्ल्यासाठी गोव्याचा मोपा विमानतळ मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडतो.

घाटाने येताना मुलांना गाडी लागते. निघण्याआधी पोटभर पोहे आणि वर दूध, हे हमखास कारण. कोरडं काही थोडं खायला द्या, फोनवर खेळ बंद, आणि ज्याला लागते त्याला पुढच्या सीटवर बसवा.

मुक्कामाची जागा ठरवताना चार प्रश्न फोनवरच विचारा. कमोड आहे का? वयस्करांची खोली तळमजल्यावर आहे का? वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? मच्छरदाणी मिळेल का? आणि अमेरिकेतून येणाऱ्यांना सांगा की तिथलं हेअर ड्रायर किंवा केस कुरळे करायचं यंत्र ११० व्होल्टचं असतं. इथल्या २३० व्होल्टला नुसता पिनेचा अडॅप्टर लावून जोडलं तर ते जळतं आणि होमस्टेचा फ्यूज उडतो तो वेगळाच. फोन-लॅपटॉपचे चार्जर बहुधा दोन्ही व्होल्टेजवर चालतात, तरी त्यांच्यावर छापलेलं वाचून घ्या.

रोख पैसे बरोबर ठेवा. होडीवाला, शहाळंवाला, जेटीचा तिकीटवाला यांच्याकडे परदेशी कार्ड चालत नाही, आणि यूपीआयला रेंज लागते.

पहिले दोन दिवस

रात्री विमानातून उतरवून थेट कोकणच्या वाटेला लावू नका. एक रात्र मुंबई-पुण्यात, मग दिवसाउजेडी प्रवास. अमेरिकेतून आलेली माणसं पहाटे तीनला टक्क जागी होतात आणि दुपारी चारला पेंगतात. याचा उपयोगच करून घ्या. सकाळी सहाला समुद्रावर जाणारे पाहुणे तुम्हाला पुन्हा मिळणार नाहीत. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दिसली तर दोरीला हात लावायला मिळतो. फक्त नेतृत्व करणाऱ्या माणसाला आधी विचारा आणि जाळं वर येताना मध्ये मोबाईल घेऊन उभं राहू नका.

पहिल्या दोन दिवसांत पानात काय असावं? पेज, मऊ भात, कुळथाची पिठी, घावणे, उकडलेली अंडी, केळी. मालवणी मसाला तिसऱ्या दिवसापासून. पाणी उकळून गार केलेलं किंवा बंद बाटलीचं, दात घासायलाही तेच. बर्फ, उघड्यावर कापलेली फळं आणि रस्त्यावरचा उसाचा रस सुरुवातीला नको. शहाळं चालेल, मात्र समोर फोडलेलं. एवढं करूनही जुलाब झालेच तर ओआरएसची पाकिटं हाताशी असावीत. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हींना चहाचाच चमचा. मीठ अंदाजाने जास्त पडलं तर उलट त्रास होतो, म्हणून मोजूनच. ताप, रक्त किंवा दिवसभर लघवी न होणं यांपैकी काही दिसलं तर घरगुती उपायांवर राहू नका, डॉक्टर गाठा.

भरतीचा हिशोब

किनाऱ्यावरच्या माणसाला हा तोंडपाठ असतो, शहरातून आलेल्या यजमानाला नसतो, आणि निम्म्या फजित्या इथेच होतात. कोळ्यांचा जुना आडाखा असा: तिथीची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन: दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, म्हणजे सव्वाअकराच्या पुढेमागे. पक्ष शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक फोनवर मिळतं, ते ताडून बघा. दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खाली उतरतं.

आता हे वापरायचं कसं? हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेचं उदाहरण घ्या. पायऱ्या दोन कड्यांमधून खाली उतरतात आणि पुढची वाट लाटांनी कोरलेल्या खडकावरून जाते. भरतीला ही वाट पाण्याखाली असते आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. ओहोटीच्या आधी-नंतर दीड तास, एवढ्यातच जायचं. चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास, म्हणजे साडेआठला निघालात तर निवांत. अष्टमीला ती दुपारी बारावर जाते. तेव्हा खडक तापलेला असतो आणि अनवाणी चालवत नाही. अशा दिवशी देवदर्शन करा आणि प्रदक्षिणा सोडा. शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाय टाकू नका, साधा करडा दगड निवडा.

आजी-आजोबांना वाळूवर चालवायचं असेल तर ओहोटीला, कारण तेव्हा वाळू घट्ट आणि सपाट असते, गुडघे दुखत नाहीत. पोहणाऱ्यांचं उलट. पाणी उतरत असताना ते बाहेर ओढतं, म्हणून तेव्हा कमरेच्या वर जाऊ नये. तरणतलावात पटाईत असलेले भाचे-पुतणे इथे सगळ्यात धोक्यात असतात. लाटांच्या फेसाळ रांगेत मधेच एक पट्टी शांत, गढूळ आणि बिनलाटेची दिसते. नवख्याला तीच पोहायला बरी वाटते, आणि पाणी परत समुद्रात जातं ते नेमकं तिथूनच. तिच्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत पट्टीबाहेर यायचं. गणपतीपुळ्याला गुडघाभर पाण्याच्या पुढे कुणालाही जाऊ देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. आणि वाळूवर गाडी घालू नका. अडकलेली गाडी निघेपर्यंत भरती थांबत नाही.

कुठे राहायचं, काय बघायचं

तीन पट्ट्यांपैकी एक निवडा. आठ-दहा दिवस असतील तर दोन.

मालवण पट्टा मुलांना आवडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवणच्या जेटीवरून सुटते आणि साधारण तासाभराने तीच परत आणते. तेवढ्यात पूर्ण तटबंदी होत नाही. आत शिरताना दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, ही बांधणीतली युक्ती पाहुण्यांना होडीतूनच दाखवा: ‘दरवाजा शोधा’ म्हणून मुलांना कामाला लावा. मग शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चारी बाजूंना खारं पाणी असताना बेटावर गोडं पाणी, हे परदेशात वाढलेल्या मुलांनाही कळतं आणि पटतं. किल्ला १६६४ ते १६६७ या काळात उभा राहिला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे कोकणच्या समुद्राशी जोडलेले. होडीत चढता न येणाऱ्या वयस्करांसाठी विजयदुर्ग बरा, कारण आत चालत जाता येतं. देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते; डॉल्फिनची होडी सकाळी लवकर घ्या, आणि लाइफ जॅकेटचे पट्टे बांधल्याशिवाय होडी हलू देऊ नका. पावसाची सर आली किंवा वारा पडला नाही तर सावंतवाडी: राजवाड्यात गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवताना बघायला मिळतात, आणि चितार आळीत लाकडी फळं व खेळणी. वाटेत कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर कलाकारांची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या.

रत्नागिरी–गणपतीपुळे पट्टा थोरामोठ्यांचा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून इथे आणून ठेवलं. त्याच्यासाठीचा राजवाडा १९१० मध्ये बांधला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. सोमवारी राजवाडा बंद असतो. टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि रत्नदुर्ग एका सकाळी उरकतात. गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्याने जा, चढावर थांबून दोन्ही किनारे दिसतात. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. मराठी न वाचणाऱ्या पिढीला ते पाच मिनिटांत संपतं, मराठी शिकवणाऱ्या आजोबांना तास लागतो. दोघांना एकत्र नेऊ नका.

या पट्ट्यात कातळशिल्पं चुकवू नका. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारावरच्या, जांभ्यात कोरलेले प्राणी, माणसं, न कळणाऱ्या आकृत्या. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, रुंढ्ये तळी. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की उभं राहून एका नजरेत मावत नाही, आणि त्याच्या अंगातच इतर प्राणी कोरलेले आहेत. भर दुपारी गेलात तर काहीच दिसत नाही: ऊन सरळ डोक्यावर असलं की खोदलेल्या रेषांत सावली पडत नाही आणि सगळा कातळ सपाट लाल दिसतो. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. रेषा उठून दिसाव्यात म्हणून पाणी ओतणं, खडूने रंगवणं, आकृतीवर उभं राहून फोटो काढणं, यातलं काही करू देऊ नका. सड्यावर सावली नाही. टोपी आणि माणशी एक बाटली पाणी लागतंच.

दापोली–हर्णै–वेळास पट्ट्याबद्दल थोडक्यात. हर्णै बंदरावर दुपारनंतर मासळीचा लिलाव भरतो, तो बघण्यासारखा आहे. जुनी चप्पल घाला, वाट अडवू नका, आणि लिलाव चालू असताना गंमत म्हणून हात वर करू नका. समोर सुवर्णदुर्ग. दाभोळ–धोपावे जंगलजेटीने गाडीसकट गुहागरला उतरता येतं, तवसाळ–जयगड जेटीने पुढे गणपतीपुळ्याकडे. मुलांना किल्ल्यापेक्षा ही जेटीच जास्त लक्षात राहते.

पान

वार बघा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे; तेव्हा बाजार भरलेला आणि दर चढे. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशीला गिऱ्हाईक कमी. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबार, फणसाची किंवा केळफुलाची भाजी आणि घावणे ठेवा. गुहागर, हेदवी, केळशी, आंजर्ले या बाजूंना बऱ्याच घरगुती निवासांत फक्त शाकाहारी जेवण असतं. तिथे बाहेरून मासे आणून खाणं चालत नाही; बुकिंगच्या वेळीच विचारलं तर दोघांचाही मान राहतो. तिथे उकडीचे मोदक सांगा, पण आदल्या दिवशी.

घरी आठ माणसांचं जेवण करायचं तर दीड किलोची एक सुरमई पुरते. तळायला बारा ते चौदा तुकड्या निघतात, डोकं आणि शेपटीकडचा भाग कढीला, म्हणजे माशाच्या रश्शाला. तांदूळ पाऊण किलो, नारळ दोन कढीला आणि एक सोलकढीला. कोळंबी घेतली तर सोलल्यावर निम्मीच उरते हे धरून घ्या. कल्ले लाल, डोळा भरलेला, बोटाने दाबलं की मांस परत वर येणारं: एवढं बघितलं की पुरे. तिसऱ्यांची (शिंपल्यांची) तोंडं मिटलेली हवीत. उघडी असेल आणि टिचकी मारूनही मिटत नसेल ती फेका, आणि शिजवल्यावर जी उघडणारच नाही तीही. साफ करून, तुकड्या करून द्यायला कोळिणीलाच सांगा. घासाघीस थोडी करा. परदेशी जावयाला पुढे उभं करून करू नका.

काट्यांचा प्रश्न खरा आहे. बिनधास्त खाता येतील असे: सुरमई, हलवा, पापलेट, रावस, मोरी. सुरमईला मधला काटा तेवढा. बांगडा चवीला पहिल्या नंबरचा, पण खायला शिकवावं लागतं: आधी वरची फळी मधल्या काट्यावरून सोडवून घ्यायची, मग काटा अखंड उचलायचा, मग खालची फळी. तारली आणि मुडदुशे नवख्याच्या पानात वाढू नका. मालवणात भाव विचारताना पापलेटला सारंगा आणि सुरमईला इसवण म्हणतात, म्हणजे गोंधळ नको. लहान मुलांसाठी मसाला लावण्याआधीच दोन तुकड्या बाजूला काढा. हळद-मीठ-लिंबू लावून, दोन भाग रवा आणि एक भाग तांदळाच्या पिठात घोळवून तळा.

सोलकढी बिघडते ती घाईने. एका मध्यम नारळाला दहा-बारा आमसुलं. ती अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्या आणि कुस्करून गाळा. खोबरं, दोन लसूण पाकळ्या, एक मिरची आणि दीड वाटी कोमट पाणी वाटून फडक्यातून पिळा. तोच चोथा अजून दीड वाटी पाण्यात वाटून दुसरं दूध काढा. दोन्ही एकत्र करून त्यात आमसुलाचं पाणी थोडं थोडं घाला, रंग फिका गुलाबी झाला की थांबा. आमसुलं मुळातच मीठ लावून वाळवलेली असतात, म्हणून मीठ शेवटी, चाखून. गरम केली की फुटते. सकाळची रात्री ठेवली की वास येतो. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करा. आंबटामुळे ॲल्युमिनियमची चव उतरते. पोट नाजूक असणाऱ्याला जाड दुधाऐवजी दुसऱ्या दुधाची पातळ द्या.

पाहुण्यांना स्वयंपाकात सामील व्हायचं असतं. वडे थापणं पहिल्या दिवशी जमत नाही, कडेला चीर पडली की वडा फुगत नाही. घावणे द्या करायला. तांदूळ सहा तास भिजवून बारीक वाटायचे, पीठ ताकाइतकं पातळ, बिडाच्या तव्यावर अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं आणि वाटीने कडेकडून आत ओतायचं. झाकण, एक मिनिट, आणि उलटायचं नाही. तवा पुरेसा तापला नसेल तर घावण चिकटतं. पीठ तळाला बसतं म्हणून प्रत्येक घावणाआधी ढवळायचं. पहिली दोन फाटणारच, ती करणाऱ्याने खायची.

केळीच्या पानावर वाढलं तर पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. चमचा मागितला तर लगेच द्या, टोमणा नको. आणि आग्रहाचं काय करायचं ते आधीच ठरवा. परदेशी सुनेला पान रिकामं ठेवणं सभ्यपणाचं वाटतं, आजीला रिकामं पान दिसलं की वाढावंसं वाटतं, आणि दोघींच्या सभ्यपणात पोट बिघडतं ते सुनेचं. ‘पुरे’ म्हणताना पानावर हात आडवा धरायचा, एवढं शिकवलं तरी काम भागतं. आजीलाही कुणीतरी आपल्या माणसाने सांगावं.

खानावळीत जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत फोन करून किती माणसं, कुठली मासळी, किती तिखट ते सांगा. ताटाला दर असतो, मासळीला बाजारभावाने वेगळा. मोठी सुरमई किंवा कुर्ल्या सांगताना दर आधी विचारा, म्हणजे बिल बघून चेहरा पडत नाही. कोळंबी-कुर्ल्या-शिंपल्यांची, काजूची, शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला असेल तर ती वाढणाऱ्या वहिनींना नाही, स्वयंपाकघरात सांगा. एकाच तेलात कोळंबी आणि सुरमई तळली जाते.

बागेत गेल्यावर एक गोष्ट कडक पाळा: मुलांना ओला काजू बीसकट तोडू देऊ नका. बीच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. आंब्याच्या देठाचा चीकही त्याच जातीचा. अमेरिकेत पॉयझन आयव्हीने ज्यांना पुरळ उठलेलं आहे त्यांना आंब्याची साल ओठाला लागूनही उठू शकतं, कारण ती वेल, काजू आणि आंबा एकाच कुळातले. आंबा तासभर पाण्यात ठेवा, देठाकडचा भाग कापून टाका आणि त्यांना फोडी करून द्या, चोखायला नको.

परत जाताना

ताजा आंबा अमेरिकेत सामानातून नेता येत नाही, कितीही नीट गुंडाळला तरी. डबाबंद रस चालतो. ब्रिटन आणि युरोपात दुधाचे पदार्थ अडतात, म्हणजे पेढे-बर्फी नको. मालवणी खाजा द्या: बेसन, गूळ आणि आलं, दुधाचा थेंब नाही आणि टिकतोही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला मसाल्यापासून आमसुलापर्यंत सगळं फॉर्मवर लिहून जाहीर करायला सांगा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड होतो. सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेलकट म्हणून ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. भाजलेले काजूगर, आंबापोळी आणि फणसपोळी बिनघोर.

कोकमाचं घेताना आगळ आणि सरबत यांतला फरक दुकानदाराकडून बघून घ्या: आगळात मीठ असतं, साखर नाही, सोलकढीला तेच लागतं. आगळ हातातल्या बॅगेत चालणार नाही, मोठ्या बॅगेत जाईल. प्लॅस्टिकची बाटली घ्या, वर बोटभर जागा रिकामी ठेवा, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालून वरून चिकटपट्टी गुंडाळा आणि एकात एक अशा दोन पिशव्यांत बांधा. कपड्यावर पडलेला त्याचा डाग सहजासहजी जात नाही, तेव्हा बाटलीभोवती जुना टॉवेलच गुंडाळा.